घरच्या चित्रपटगृहासाठी ग्राफिक्स कार्ड कोणते?

रविवारची रात्र. जेवणे आटोपली आहेत. दिवाणखान्यातील नव्या ५५ इंची टीव्हीसमोर घरातील सगळी मंडळी जमली आहेत. टीव्हीखालच्या कपाटात मुलाचा जुना संगणक बसवला आहे. घराचा सारा ठेवा त्यातच आहे. कॅसेटवरून उतरवून घेतलेले आईवडिलांचे लग्न, सहलींचे फोटो, आवडीचे जुने चित्रपट आणि परवाच पुण्याहून आलेले पणतवाच्या बारशाचे चित्रण. गुडघेदुखीमुळे आजींना इंदूरहून पुण्याला जाता आले नव्हते. आता निदान मोठ्या पडद्यावर तरी सारे नीट पाहता येईल, म्हणून त्या चष्मा पुसून पुढच्या खुर्चीवर बसल्या आहेत.

चित्रण सुरू होते. पाळणा दिसतो, फुलांच्या माळा दिसतात. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या वाकते आणि चित्र तिथेच अडकते. आवाज मात्र पुढे जातो. नाव घेतले जाते, बायका हसतात, टाळ्या पडतात. पडद्यावर आत्या अजून वाकलेलीच आहे.

"अरे, थांबलं का ते?" आजी विचारतात.

"नाही गं आजी, कॉम्प्युटर जुना झालाय. ग्राफिक्स कार्ड घ्यायला हवं," नातू म्हणतो.

दुसऱ्या दिवशी बापलेक बाजारात जातात. दुकानदार तीन पंख्यांचे, हातभर लांबीचे एक कार्ड पुढे ठेवतो. "काका, फोर-के टीव्ही आहे ना? मग हेच घ्या. दहा वर्षं बघायला नको." कार्डाची किंमत जवळजवळ टीव्हीएवढीच असते.

असे प्रसंग आज अनेक घरांत घडतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो की बेंगळुरूचा एस.पी. रोड, दुकानात पहिला प्रश्न 'बजेट किती?' असा असतो. 'संगणकावर काय पाहणार?' हे फारसे कोणी विचारत नाही. खरे तर कार्ड निवडताना याच प्रश्नाला महत्त्व आहे. चित्रपट पाहण्यासाठी लागणारे कार्ड आणि खेळ खेळण्यासाठी लागणारे कार्ड यांत मोठा फरक असतो. तो समजून घेतला, तर हजारो रुपये वाचतात आणि घरातली शांतताही टिकते.

कार्डाचे काम काय?

४के पडद्यावर एका आडव्या ओळीत ३८४० ठिपके असतात आणि अशा २१६० ओळी असतात. म्हणजे एका चित्रात ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग साध्या पद्धतीने लिहून ठेवायचा, तर एका चित्रालाच सुमारे २५ मेगाबाइट जागा लागेल. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. अडीच तासांच्या चित्रपटात २ लाख १६ हजार चित्रे झाली आणि त्यांना ५,००० गिगाबाइटपेक्षाही जास्त जागा लागेल. प्रत्यक्षात ४के चित्रपटाची सर्वांत मोठी तबकडी १०० गिगाबाइटची असते. इंटरनेटवरून येणारा चित्रपट तर त्याहूनही पुष्कळ लहान असतो.

हे कसे साधते? चित्रपट दाबून, घडी घालून ठेवलेला असतो. मागची भिंत तीच, पडदा तोच, फक्त माणूस हलला असेल, तर मुख्यतः हललेल्या भागाचीच नोंद केली जाते. पाहताना ही घडी उलगडावी लागते आणि तीही सेकंदाला २४ ते ६० वेळा, क्षणाचाही उशीर न होता.

हे उलगडण्याचे काम दोन प्रकारे होते. एक तर संगणकाचा मुख्य प्रोसेसर ते करतो किंवा त्यासाठीच बनवलेले एक छोटे, स्वतंत्र मंडल करते. घरच्या जात्यावरही दळण होते; पण दहा किलो गहू असले की गिरणीच बरी. प्रोसेसरचे तसेच आहे. त्याला हे काम येते, पण त्यात त्याची दमछाक होते, तो तापतो, पंखा जोरात फिरू लागतो आणि शेवटी चित्र अडखळते. स्वतंत्र मंडल मात्र हेच काम थोड्याशा विजेत, न तापता करते.

ग्राफिक्स कार्डात हे मंडल एका कोपऱ्यात असते. कार्डाचा उरलेला फार मोठा भाग खेळांसाठी असतो. खेळात प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने तयार करावे लागते. झाड, सावली, पाणी, धावणारी गाडी या सगळ्यांचे गणित कार्डाला करावे लागते. चित्रपटातील चित्र आधीच तयार असते. म्हणूनच खेळांत बलवान असलेले कार्ड चित्रपटही तेवढाच जास्त चांगला दाखवील, असे नसते. एकाच पिढीतल्या स्वस्त आणि महाग कार्डांत चित्रपट उलगडणारे मंडल बहुधा सारख्याच कुवतीचे असते. मोजके अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

कार्डाला कोणत्या भाषा येतात?

चित्रपट दाबून ठेवण्याच्या पद्धती काळाप्रमाणे बदलत गेल्या. डीव्हीडीसाठी एमपीईजी-२ ही पद्धत होती. २००३ मध्ये एच.२६४ आली आणि ती आजही सर्वत्र वापरात आहे. २०१३ मध्ये एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी आली. ४के तबकड्या आणि अनेक मोबाइल फोनमधील चित्रण याच पद्धतीचे असते. त्याच वर्षी गूगलने व्हीपी९ आणली; यूट्यूब ती मोठ्या प्रमाणावर वापरते. २०१८ मध्ये एव्ही१ आली आणि तिचाही वापर वाढत आहे.

या पद्धती म्हणजे वेगवेगळ्या भाषाच समजा. ज्या कार्डाच्या मंडलाला जी भाषा येत नाही, ती त्याला पुढे कधीही शिकवता येत नाही, कारण हे ज्ञान यंत्रातच कोरलेले असते. अनोळखी भाषेतला चित्रपट आला, की सारा भार पुन्हा प्रोसेसरवर पडतो.

बारशाचे चित्रण अडखळले ते याचमुळे. पुण्यात ते नव्या फोनवर ४के आणि एचईव्हीसी पद्धतीने झाले होते. इंदूरचा संगणक २०१३-१४ सालचा होता. त्याच्या मंडलाला एच.२६४ उत्तम येत होती, एचईव्हीसी येत नव्हती. म्हणून त्याच संगणकावर जुने चित्रपट सुरळीत चालत आणि फोनवरचे चित्रण मात्र थांबे. त्या घराला एचईव्हीसी जाणणाऱ्या मंडलाची गरज होती. तीन पंख्यांची नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एचईव्हीसीमध्ये ८ बिट आणि १० बिट असे दोन प्रकार घरोघरी भेटतात. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, तर १० बिटमध्ये १,०२४. एचडीआर चित्रपट १० बिटचे असतात. संध्याकाळच्या आकाशात रंग पट्ट्यापट्ट्यांनी न दिसता एकमेकांत मिसळलेले दिसतात, ते या जास्तीच्या छटांमुळे. म्हणून कार्ड घेताना '१० बिट एचईव्हीसी चालते का?' असे स्पष्ट विचारावे.

आधी घरातले तपासा

बाजारात जाण्यापूर्वी घरचा संगणक तपासून पाहावा. कित्येकदा वेगळ्या कार्डाची गरजच नसते, कारण आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्येच चित्र दाखवणारा भाग अंतर्भूत असतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०१७ पासूनच्या कोअर प्रोसेसरमधील या भागाला १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही येतात. अकराव्या पिढीपासून बहुतेकांना एव्ही१ही येते. मात्र इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असेल, तर त्यात चित्राचा भाग वापरता येत नाही. तेथे वेगळे कार्ड अनिवार्यच असते. एएमडीच्या जुन्या रायझेन मालिकांत नावापुढे 'जी' असलेल्या प्रोसेसरमध्ये तो भाग मिळतो. २०२२ मध्ये आलेल्या रायझेन ७००० मालिकेपासून बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तो असतो. तेथेही 'एफ' अक्षर पाहून घ्यावे.

तपासण्याची सोपी रीत अशी: विंडोजवर जो चित्रपट अडखळतो तो सुरू करावा आणि टास्क मॅनेजर उघडावा. त्यात 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांचे आलेख दिसतात. ग्राफिक्समध्ये 'व्हिडिओ डिकोड' किंवा 'व्हिडिओ कोडेक' नावाचा आलेख असतो. तो वर चढला आणि प्रोसेसरचा आलेख खालीच राहिला, तर मंडल आपले काम करीत आहे. प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकला आणि तो दुसरा आलेख शून्यावरच पडून राहिला, तर सारे काम एकटा प्रोसेसर करतो आहे. तरीही लगेच बाजार गाठू नये. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंगची सोय बंद ठेवली गेली असेल, तर ती आधी चालू करून पाहावी. हा उपाय फुकटचा आहे.

संगणक फारच जुना असेल, तर आणखी एक हिशेब करावा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असा संगणक फक्त घरचे चित्रण आणि चित्रपट दाखवण्यापुरता ठेवता येतो. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. कोडी हा चित्रपटांसाठीचा मोफत कार्यक्रम लिनक्सवरही चालतो, त्यामुळे तोही मार्ग खुला असतो. अथवा जुन्या संगणकावर खर्च करण्याऐवजी वहीएवढा छोटा संगणक घेता येतो. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा लहान प्रोसेसर अशा संगणकांत असतो. त्याचा वीजमान फक्त ६ वॅट आहे आणि एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ या तिन्ही भाषा त्याला येतात.

कार्ड घ्यायचेच असेल तर

घेण्यासारख्या लहान कार्डांची नावे मोजकीच आहेत. त्यांचे गुणदोष माहीत असावेत.

जीटी ७१० आणि जीटी ७३० ही एनव्हिडियाची जुनी, स्वस्त कार्डे आहेत. दुकानात ती दाखवली गेली, तर घरच्या चित्रपटगृहासाठी घेऊ नयेत. त्यांचे मंडल एचईव्हीसी उलगडू शकत नाही. शिवाय त्यांच्या एचडीएमआय पोर्टमधून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. बारशाचे चित्रण ज्या कारणाने अडकले, ते कारण या कार्डांनी दूर होत नाही.

जीटी १०३० हे २०१७ मधले कार्ड आहे. वीजमान ३० वॅट. १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ येते, ४के चित्र सेकंदाला ६० वेळा जाते आणि काही नमुने पंख्याविना मिळतात. एव्ही१ मात्र येत नाही. कार्ड आता जुने झाले आहे. पण जुन्या संगणकात फक्त चित्रपट आणि घरचे चित्रण पाहायचे असेल, तर योग्य किमतीत मिळाल्यास अजूनही उपयोगाचे आहे.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ मध्ये आले. वीजमान ५३ वॅट. एचईव्हीसी आणि व्हीपी९ येते. वर म्हटलेल्या अपवादांपैकी हे एक आहे: त्याच मालिकेतील मोठ्या भावंडांना एव्ही१ येते, याला येत नाही.

इंटेलचे आर्क ए३१० आणि ए३८० हीही २०२२ मधली कार्डे आहेत. एव्ही१सह सर्व भाषा येणारी ही लहान कार्डे आहेत. पण ती जुन्या संगणकात बसवू नयेत. मदरबोर्डवर 'रिसाइझेबल बार' नावाची सोय असल्याशिवाय ती नीट चालत नाहीत. दहाव्या पिढीच्या किंवा त्यानंतरच्या संगणकासाठी ती ठीक आहेत.

एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे ६ गिगाबाइटचे कार्ड २०२४ मध्ये आले. वीजमान ७० वॅट. सर्व भाषा येतात आणि मुलांचे थोडेफार खेळही चालतात. या यादीत ते बहुधा सर्वांत महाग पडते, म्हणून खेळ खेळायचे असतील तरच त्याचा विचार करावा.

दुकानात मेमरीचा आकडा मोठ्याने सांगितला जातो. "हे दोन जीबीचे, हे चार जीबीचे, चारचे जास्त चांगले." खेळांसाठी या आकड्याला अर्थ आहे. चित्रपट उलगडण्यासाठी २ गिगाबाइट सहसा पुरतात. चार गिगाबाइटचे जीटी ७३० हे दोन गिगाबाइटच्या जीटी १०३० पुढे चित्रपटाच्या बाबतीत मागेच पडते, कारण जास्त मेमरी असली तरी भाषा येत नाही.

शांतता, वीज आणि जागा

दिवाणखान्यातला संगणक अभ्यासाच्या टेबलावरच्या संगणकासारखा नसतो. चित्रपटात हळू आवाजातला संवाद चालू असताना कपाटातून पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली, तर कितीही सुंदर चित्र असले तरी मन रमत नाही. म्हणून शक्यतो पंख्याविना, नुसत्या धातूच्या पात्यांनी थंड होणारे कार्ड घ्यावे. पंखा असलाच, तर काम कमी असताना तो आपोआप थांबतो का, हे विचारावे. पंखा नसलेल्या कार्डाला हवा मात्र हवी. बंद कपाटात संगणक ठेवला, तर मागची फळी कापून हवेला वाट करून द्यावी. उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा बंद कपाटात हे कार्ड भाजून निघते. मागे साचणारी धूळही दर दोन-तीन महिन्यांनी साफ करावी.

विजेचा विचारही हवा. मदरबोर्डवरील कार्डाच्या लांब स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्यापेक्षा जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या, लहान संगणकांच्या एसएमपीएसमध्ये बहुधा ही वायरच नसते. मग कार्डाबरोबर एसएमपीएसही बदला, त्यासाठी कॅबिनेट बदला, असा खर्च वाढत जातो. उदाहरण द्यायचे, तर २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे कार्ड खेळताना ४५० वॅटपर्यंत वीज खाते. म्हणून खोक्यावरचा वॅटचा आकडा आधी वाचावा. ७५ च्या आत असेल आणि कार्डावर जादा वायरचा सॉकेट नसेल, तर काळजी नाही.

तिसरी बाब जागेची. पातळ, आडव्या कॅबिनेटमध्ये नेहमीच्या उंचीचे कार्ड बसत नाही. तेथे 'लो प्रोफाइल' कार्ड लागते. त्याची उंची सुमारे ६९ मिलिमीटर असते. अशा कार्डाबरोबर मागे बसवायची आखूड पट्टीही मिळायला हवी. ती खोक्यात आहे का, हे दुकानातच उघडून पाहावे. घरून निघताना कॅबिनेटच्या आतली लांबी-उंची फूटपट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावी. फोनवर आतला फोटो काढून नेला, तर उत्तमच.

वायर आणि आवाज

कार्ड योग्य असूनही वायरीमुळे फजिती होते. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा नेण्यासाठी एचडीएमआय २.० ची क्षमता लागते, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट. त्याआधीच्या १.४ या आवृत्तीत ४के चित्र ३० वेळाच जाते आणि पडद्यावर माऊसचा बाणही ओढल्यासारखा फिरतो. वायर घेताना वेष्टनावर 'प्रीमियम हाय स्पीड' हे शब्द आणि प्रमाणपत्राची चिठ्ठी आहे का, ते पाहावे. सोनेरी टोक आणि जाड वेणी यांनी चित्र सुधारत नाही. टीव्हीवरचे सगळे पोर्टही सारखे नसतात. कोणता पोर्ट पूर्ण क्षमतेचा आहे ते टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

नवे कार्ड बसवल्यावर अनेक जण वायर मात्र जुन्याच, मदरबोर्डच्या पोर्टला लावून ठेवतात आणि 'कार्ड खराब निघाले' म्हणून दुकान गाठतात. वायर कार्डाच्या पोर्टला लावावी.

आवाजही त्याच एचडीएमआय वायरीतून जातो. आवाज येत नसेल, तर संगणकाच्या ध्वनीच्या पर्यायांत टीव्हीचे नाव निवडावे. साउंडबार असेल, तर तो टीव्हीच्या 'ईएआरसी' लिहिलेल्या पोर्टला जोडणे चांगले. जुन्या ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जाते, पण तबकड्यांवरचा डॉल्बी ट्रूएचडी हा अधिक भारी आवाज तिच्यात मावत नाही.

पैसे न खर्चता होणाऱ्या सुधारणा

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि संगणक टीव्हीला सहसा ६० चित्रे पाठवतो. चोविसाने साठाला पूर्ण भाग जात नाही. मग एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असे दाखवावे लागते आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरताना चित्राला बारीक हिसके बसतात. पुष्कळ लोक याचा दोष कार्डाला देतात. कोडीसारख्या कार्यक्रमात पडद्याचा वेग चित्रपटाप्रमाणे बदलण्याची सोय असते. ती चालू केली, की हिसके जातात.

लग्नाच्या जुन्या कॅसेटची गोष्ट वेगळी. त्या काळी आपल्याकडे पाल पद्धत होती. सेकंदाला २५ चित्रे, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे शोभून दिसे. आजच्या सपाट पडद्यावर नवरी मान वळवते तेव्हा तिच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठतात. प्लेअरमध्ये 'डीइंटरलेस' हा पर्याय चालू केला, की दोन्ही हप्ते नीट जुळवले जातात. साधे कार्डही हे काम सहज करते. मात्र कॅसेटमध्ये जे टिपलेच गेले नाही, ते कोणतेही कार्ड परत आणू शकत नाही. चेहरे थोडे स्वच्छ दिसतील. ४के होणार नाहीत.

कार्डाच्या हातात नसलेल्या गोष्टी

पैसे देऊन पाहावयाच्या इंटरनेट वाहिन्यांचे चित्र कुलूपबंद असते. संगणक आणि टीव्ही या दोघांनी 'एचडीसीपी २.२' ही सुरक्षेची खूण पटवल्याशिवाय ४के चित्र मिळत नाही. त्यातही अनेक वाहिन्या संगणकावरच्या ब्राउझरला कमी दर्जाचेच चित्र देतात. अशा वेळी महाग कार्ड घेऊनही फरक पडत नाही. त्या वाहिन्या टीव्हीतल्याच अॅपवर पाहाव्यात.

४के ब्लू-रे तबकड्यांचेही असेच. संगणकावर त्या अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील 'एसजीएक्स' नावाची सोय लागत असे. कंपनीने ती अकराव्या पिढीपासून घरगुती कोअर प्रोसेसरमधून काढून टाकली. वेगळे कार्ड लावून ही अडचण सुटत नाही. तबकड्यांचा शौक असेल, तर स्वतंत्र प्लेअर बरा.

मग महाग कार्ड कधी घ्यावे? घरात कोणी मोठे खेळ खेळत असेल, चित्रफितींचे संपादन करीत असेल किंवा कमी दर्जाचे चित्र मोठ्या पडद्यासाठी सुधारून दाखवणारे जड कार्यक्रम वापरण्याचा छंद असेल, तर. एनव्हिडियाने २०२३ मध्ये आरटीएक्स कार्डांसाठी ब्राउझरमधील चित्र सुधारण्याची सोय आणली. तिला कार्डाची खरी ताकद लागते. अशा घरात तो खर्च वाया जात नाही. पण त्याचे कारण खेळ किंवा छंद असते, टीव्ही ४के आहे हे नव्हे.

'दहा वर्षं बघायला नको' या वाक्यावरही फार विसंबू नये. १९९० च्या दशकात संगणकावर व्हिडिओ सीडी पाहण्यासाठी वेगळी एमपीईजी कार्डे विकली जात. काही वर्षांतच साधे प्रोसेसर ते काम करू लागले आणि ती कार्डे अडगळीत गेली. आज लागणारी भाषा आज घ्यावी. पाच वर्षांनी नवी भाषा आली, तर तेव्हाचे लहान कार्ड ती शिकूनच बाजारात येईल.

दुकानात जाताना

चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: संगणकाच्या प्रोसेसरचे पूर्ण नाव, कॅबिनेटची मापे, एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा आणि टीव्हीचा नमुना क्रमांक. पाचवी वस्तू पेन ड्राइव्ह. अडखळणारे चित्रणच त्यात घालून न्यावे आणि शक्य असेल तर दुकानातच कार्ड लावून चालवून पाहावे. बिल आणि वॉरंटीचे कार्ड मागून घ्यावे. जुने कार्ड विकत घेताना तर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंदूरच्या त्या घरातल्या वडिलांनीही हेच केले. तीन पंख्यांच्या कार्डासाठी काढलेले पाकीट त्यांनी परत खिशात ठेवले. "फक्त घरचं शूटिंग आणि सिनेमे बघायचेत. फोनचं हे शूटिंग ज्याच्यावर अडकणार नाही, असं सगळ्यात लहान कार्ड कोणतं?" असे त्यांनी विचारले. दुकानदाराने थोडा विचार केला आणि मागच्या फळीवरून हाताच्या पंजाएवढे, पंखा नसलेले एक कार्ड काढले. चित्रण त्यावर सुरळीत चालले. पहिल्या कार्डाच्या किमतीचा अगदी लहानसा भाग खर्च झाला.

त्या रात्री आत्या वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितले, बायका हसल्या आणि टाळ्या पडल्या, सारे एकाच वेळी. कपाटातून कसलाही आवाज येत नव्हता.

"पुन्हा लाव रे," आजी म्हणाल्या, "नाव ठेवल्यावर तो हसला का, ते बघायचंय मला."